अज्जाचं पाणी

गेल्या महिन्यात आमच्या बारवेवर विजेची मोटार बसली. बसवायला आलेला मिस्त्री तुळजापूरचा होता. त्यानं बारवेभोवती एक चक्कर मारली आणि मला विचारलं, "बाई, हा पाट असा वाकडातिकडा कुणी काढला? सरळ काढला असता तर निम्म्या दगडात भागलं असतं. आणि मधेच हा खड्डा, वर एवढी मोठी शिळा. देव बसवला होता काय?"

"देव नाही, पाहुणा," मी म्हटलं.

तो हसला. शिळा उचलून तिथंच मोटारीचा चौथरा घालू म्हणाला. मी म्हटलं, पलीकडं घाल. पलीकडं दोन पाइप जास्त लागतात, हे मलाही दिसत होतं. मी शेती बघणारी बाई आहे, उगाच खर्च करत नाही. पण त्या दिवशी केला. मिस्त्रीला कारण सांगत बसले नाही. ते सांगायचं तर शिवलिंगअप्पांपासून सुरुवात करावी लागते.

शिवलिंगअप्पा आमचे शेजारी. आमचं गाव अणदूरच्या खालच्या अंगाला, बोरी नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या काठी. निजामाच्या राज्यात ते एका नवाबाच्या जहागिरीत होतं. नवाबसाहेब राहायचे हैद्राबादला. गावाबाहेर त्यांचा एक बंगला होता, बंगल्याला आमराई आणि आमराईत ही पायऱ्यांची बारव. बारवेला लागून अप्पांचं शेत आणि त्याला लागून आमचं. बैल आणि मोट अप्पांची, म्हणून बंगल्याच्या बागेला पाणी द्यायचं काम नवाबानं त्यांच्याकडंच दिलेलं होतं.

मी लग्न होऊन इथं आले तेव्हा अप्पा पन्नाशी ओलांडलेले होते. उंच, कमरेत जरासे वाकलेले, कायम थकलेले. उठताना, बसताना, बैल वळवताना त्यांच्या तोंडून "येप्पा" असा एक कानडी सुस्कारा निघायचा. भेटलेल्या माणसाला ते बरं आहे का म्हणून विचारत नसत. "पाणी चालू हाय न्हवं?" असं विचारत. ज्याच्या शेतात विहीरच नाही त्यालाही हेच. आणि कुणी बसलेलं दिसलं की म्हणायचे, "बसलेलं पाणी आन् बसलेला माणूस, दोन्ही नासत्यात." स्वतः बसलेलं मी त्यांना क्वचितच पाहिलं.

त्यांची माझी ओळख भांडणानं झाली. नवी नवरी होते. सासरी धुण्याचं ओझं मोठं. बारवेच्या थारोळ्यातून, म्हणजे मोट जिथं रिकामी होते त्या दगडी कुंडातून, गार पाण्याचा पाट वाहत होता. मी तिथं धुणं मांडलं आणि सोडा टाकला. थोड्या वेळानं अप्पा आले. एक शब्द न बोलता त्यांनी माझी बादली उचलली आणि सगळं धुणं ज्वारीच्या धसकटांवर फेकून दिलं.

"अप्पा, तुमच्या घरात सुना नाहीत का?" मी विचारलं.

"तुमच्या नाकात सोडा घालू का, सूनबाई?"

"माझ्या नाकात कशाला?"

"तो अंगानं श्वास घेतो. तुमी त्याच्या नाकातच घातला की."

कोण अंगानं श्वास घेतो, ते मला कळलं नाही. मग त्यांनी मला पाटाच्या मधल्या खड्ड्याकडं नेलं आणि शिळेखाली बोट दाखवलं. आधी मला फक्त दगड दिसला. मग त्या दगडाला तोंड आहे असं दिसलं. रुंद, चपटं डोकं, या टोकापासून त्या टोकापर्यंत फाटलेलं तोंड, आणि मोहरीएवढे डोळे, त्यांना पापण्याच नाहीत. अंगावर मातकट, सैल कातडीच्या चुण्या. पुढचे पाय लहान बाळाच्या हातासारखे. शेपटीसकट माझ्या कमरेपर्यंत येईल एवढी त्याची लांबी. सोड्यानं तो चिडला होता. त्याच्या अंगातून पांढरा चिकट चीक सुटत होता आणि त्याला एक झणझणीत वास होता. पुढं कित्येक वर्षांनी कोल्हापूरकडं तिरफळ घातलेली आमटी खाल्ली, तेव्हा तो वास मला पुन्हा भेटला.

"हे काय आहे?"

"अज्जा."

अज्जा म्हणजे कानडीत आजोबा. अंगावरच्या चुण्या बघून अप्पांनीच ते नाव ठेवलं होतं. गावात त्याला कुणी जपानी घोरपड म्हणत, कुणी मगरीचं पिल्लू म्हणत. प्रत्यक्षात तो सरड्यासारखा दिसणारा, पण बेडकाच्या जातीचा, पाण्यातला प्राणी होता. जपानातल्या गार डोंगरी ओढ्यांत अशी जात असते. नवाबसाहेबांना नवलाची जनावरं पाळायचा शौक. त्यांनी तो मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून घेतला. हैद्राबादच्या उन्हानं तो मरायला टेकला, तेव्हा त्यांना आमच्या बारवेचं गार पाणी आठवलं. ओल्या गवतात गुंडाळून, लाकडी टबात घालून त्याला इथं आणलं. हे सगळं माझ्या लग्नाआधीचं, मी आत्याबाईंकडून म्हणजे सासूबाईंकडून ऐकलेलं. नवाबसाहेब स्वतः आले होते. ते अप्पांना म्हणाले, "अप्पा, ये हमारा मेहमान है. पानी चलता रहना. रुका तो ये मर जाता."

"व्हय सरकार," अप्पा म्हणाले, आणि अडकले. जनावर सांभाळ म्हणाले असते तर गोष्ट वेगळी होती. घरात आलेला पाहुणा तहानेनं मेला असं आमच्याकडं होत नाही.

तो वाकडातिकडा पाट त्यांनी त्यानंतर काढला. पाणी दगडांना धडकत, फेसाळत गेलं पाहिजे, तरच ते ताजं राहतं, असं त्यांचं म्हणणं. वर आंब्याची सावली, सावलीवर पुन्हा ओली तरटं. खालच्या टोकाला लोखंडी जाळी, म्हणजे अज्जा ओढ्यात जाणार नाही. उन्हाळ्यात दिवसातून कितीदा तरी अप्पा तळहाताची मागची बाजू पाण्यात धरायचे. तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा तो हात. पाणी कोमट लागलं, की शिळेखाली अज्जा अंग डावीउजवीकडं झुलवायला लागायचा, मग सारखा वर येऊन हवेचा घोट घ्यायचा. अप्पा बैल सोडलेले असले तरी पुन्हा जुंपायचे. "येप्पा," म्हणायचे आणि धावेवर, म्हणजे मोटेच्या बैलांच्या उतारावर, चालू लागायचे. बैलांच्या मागं उलटं येणं, पुन्हा पुढं जाणं. वर्षानुवर्षं.

खरी पंचाईत त्याच्या खाण्याची होती. अप्पा लिंगायत. गळ्यात लिंग, घरात अंडंसुद्धा निषिद्ध. आणि अज्जाला लागायचे मासे, खेकडे, बेडूक. सुरुवातीला अप्पांनी त्याला सुधारायचा प्रयत्न केला. ज्वारीची भाकरी कुस्करून टाकली, भिजवलेली डाळ टाकली, एकदा तर पुरणाचा गोळा टाकला. अज्जा तोंडावरून पाणी वाहू देत होता तसंच पुरणही वाहू देत होता. मग सटवा भोई नदीवरून मासे आणू लागला. पाटात हात घालायचा तो अप्पांनीच, कारण सटवाला अज्जाची भीती वाटायची. दिवेलागणीला अप्पा गळ्यातलं लिंग पाठीवर टाकायचे, वरून उपरणं घट्ट गुंडाळायचे, देवाला दिसू नये म्हणून. मग शेपटीला धरून मासा त्या तोंडासमोर धरायचे. अज्जा दिवसभर दगड असायचा, पण त्या क्षणी तोंड कधी उघडलं आणि कधी मिटलं हे दिसत नसे. फक्त पाण्याचा एक भोवरा दिसायचा आणि अप्पांच्या बोटात काही नसायचं.

त्यानंतर आंघोळ. ओल्या अंगानं घरी गेले की उंबऱ्यात त्यांची बायको नागव्वा उभी.

"जेवला का तुमचा बाप?"

"जेवला."

"मग आता तुमी जेवा. हात दाखवा आधी."

ती हात हुंगून बघायची आणि पुन्हा एकदा धुवायला लावायची. तिच्या घरात एवढा स्वच्छ हात दुसऱ्या कुणाचा नव्हता, तरी.

श्रावणात मात्र अप्पा अज्जाला काही देत नसत. आपल्या दारचा पाहुणा, निदान शंकराचा महिना तरी पाळेल, असा त्यांचा हिशोब. आणि अज्जा तो खरंच पाळायचा. महिनाभर काही न खाता शिळेखाली पडून राहायचा, ना वाळायचा ना मागायचा. अप्पांना त्याचा फार अभिमान. अणदूरच्या खंडोबाला गेले की तिथं ओळखीच्या माणसांना सांगायचे, "आमचा अज्जा कडक हाय. आमी निदान फराळ तरी करतो, त्यो पाण्याचा घोट बी घेत न्हाय."

एका वर्षी नवाबसाहेबांच्या घोड्यांचा डॉक्टर अज्जाला बघायला आला. मूळचा लातूरकडचा, त्यामुळं मराठी बोलायचा. त्याला अप्पांनी ही गोष्ट ऐकवली. मी पलीकडं भुईमूग काढत होते, सगळं ऐकू येत होतं.

"उपास वगैरे काही नाही हो अप्पा," डॉक्टर म्हणाला. "याचं रक्तच थंड. महिना दोन महिने पोटात काही नसलं तरी याला फरक पडत नाही."

"मग बरूबर श्रावणातच कसा ऱ्हातो?"

"तुम्ही श्रावणातच देत नाही म्हणून."

"बाकीच्या टायमाला खातो की."

"बाकीच्या वेळी तुम्ही देता म्हणून खातो."

अप्पांनी बैलांचा कासरा उचलला. मग म्हणाले, "डाक्टर, तुमी घोडी बघा."

डॉक्टरचं बरोबर होतं. पण अप्पांनी ते शेवटपर्यंत मान्य केलं नाही.

त्याच डॉक्टरनं दुसरी एक गोष्ट सांगितली, ती मात्र अप्पांनी लगेच मानली. दर भाद्रपदात अज्जाला एक वेड लागायचं. एरवी बोटभर न हलणारा तो प्राणी शिळेखालचा गाळ, पालापाचोळा, खडे सगळं पायांनी आणि शेपटीनं बाहेर ढकलायचा. दोन-तीन दिवसांत खड्ड्याचा तळ परातीसारखा स्वच्छ. मग दाराशी तोंड करून तो बसून राहायचा, दिवसाढवळ्यासुद्धा. आश्विन संपेपर्यंत.

डॉक्टर म्हणाला, "त्यांच्या मुलखात हा माद्यांचा अंडी घालायचा हंगाम. काठच्या खडकात नर बीळ धरतो. झाडून ठेवतो आणि दारात बसतो. माद्या येतात, अंडी घालतात, निघून जातात. नर मागं राहतो. पिल्लं बाहेर पडेपर्यंत जागचा हलत नाही. शेपटीनं अंड्यांवर पाणी हलवत राहतो."

"पाणी कशापाई?"

"अंड्यांना ताजं पाणी लागतं. थांबलेल्या पाण्यात गुदमरतात."

अप्पांनी बैलांकडं बघितलं, मोटेकडं बघितलं. "म्हंजे त्याचं काम बी हेच हाय म्हना," ते म्हणाले.

"पण इथं मादी नाही."

"न्हाय. पर त्यो झाडतोय न्हवं."

नागव्वाला हे कळल्यावर ती पाटावर येऊन अज्जाचं झाडणं बघत उभी राहिली. "तुमच्यापरीस बरा हाय," ती अप्पांना म्हणाली. "घर तरी झाडतोय." पण जाताना ती शिळेजवळचा पालापाचोळा पायानं बाजूला सारून गेली.

मग एका वर्षी परतीचा पाऊस आलाच नाही. चैत्रातच ओढा कोरडा पडला आणि गावातल्या विहिरी खडखडीत झाल्या. राहिली फक्त बारव, तीही खालच्या पायऱ्यांपर्यंत उतरलेली. आम्ही बायका कमरेवर घागर घेऊन ती चढण चढत होतो. त्या उन्हाळ्याची आठवण काढली की मला आधी पोटऱ्या आठवतात. आणि आम्ही घाम गाळत पायऱ्या चढत असताना शेजारून मोटेचं पाणी खळाळत पाटात जायचं. बाग वाळून गेलेली होती. ते पाणी अज्जासाठी होतं.

व्हायचं तेच झालं. एक दिवस सकाळी गाव बारवेवर जमा झालं. माणसाला पाणी नाही आणि जनावराला पाट कशाला, असं सगळ्यांचं म्हणणं. मोट बंद करा, नाहीतर त्या जनावराला खड्ड्यातून काढून टाका. मलाही ते पटत होतं. अप्पा बैलांच्या जोखडावर हात ठेवून उभे होते.

"पाणी कुठं पितो त्यो?" ते म्हणाले. "येतंय तसं खाली जातंय. खाली जाळीपाशी घागरी लावा. आयतं वर आलेलं पाणी हाय. पायऱ्या तरी उतराया नगं."

मग आमच्या आत्याबाईच म्हणाल्या, "मासे खानाऱ्या जनावराच्या अंगावरनं आलेलं पाणी? उष्टं पाणी पिऊ व्हय आमी?"

"नदीत मासं न्हाईत का, वयनी? नदीचं पिताच की."

"नदीची गोष्ट येगळी."

आमच्या गावात कुणाचं पाणी कुणाला चालतं आणि कुणाचं चालत नाही याचे कायदे निजामाच्या कायद्यांपेक्षा कडक होते. घसा कोरडा पडला तरी ते मोडत नसत. अप्पांना ते ठाऊक होतं. ते स्वतः त्याच कायद्यात वाढले होते. मासा धरला म्हणून दोनदा हात धुणारा माणूस.

ते जाळीपाशी गेले. हात-पाय धुतले. गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं. पाटाचं पाणी उजव्या हातानं त्याच्यावर घातलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले, आणि तळहातात साठलेलं ते पाणी तीर्थ म्हणून पिऊन टाकलं.

"देवाला चाललं," ते म्हणाले. "आता कुनाला चालत न्हाय त्यानं सांगावं."

नागव्वाचा चेहरा पांढरा पडला होता. देवाला अज्जाचं उष्टं घातलं, याहून मोठं पाप तिच्या घरात झालेलं नव्हतं. ती नवऱ्याकडं बघत राहिली. मग तिनं आपली घागर उचलली, चालत गेली आणि जाळीखाली लावली. दुसरी घागर मी लावली. त्यात भक्ती नव्हती. मला पायऱ्या चढायच्या नव्हत्या.

त्या दिवसापासून मोट गावाची झाली. घरटी एकेक जण पाळीनं बैल हाकायला येऊ लागला. पाणी अज्जाच्या पाठीवरून वाहत खाली यायचं आणि आम्ही भरायचो. आत्याबाई सगळ्यांत शेवटी आल्या, पण आल्या. अप्पा उभ्या उभ्याच आंब्याला टेकून डोळे मिटायचे, आणि मोट थांबली की उघडायचे. तो एकच उन्हाळा मला आठवतो, ज्यात त्यांच्या कामात त्यांना कुणाची सोबत होती.

पुढं देश स्वतंत्र झाला, आम्ही झालो नाही. निजाम अडून बसला आणि रझाकार गावोगाव फिरू लागले. दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत आसपासची गावं जळालेली दिसू लागली. माणसं हद्द ओलांडून सोलापूरकडं जाऊ लागली. ज्येष्ठात आमच्याही गावानं गाड्या जुंपल्या. अप्पांचे बैल नागव्वाच्या गाडीला जुंपले, कारण ती, तिची विधवा नणंद आणि आमच्या आत्याबाई, तिघींना चालवत नव्हतं. आमची गाडी मागं. अप्पा चिंचेखाली उभे होते. त्यांनी गाठोडं बांधलेलं नव्हतं.

"बसा," नागव्वा म्हणाली.

"तुमी व्हा म्होरं."

"ज्याचा पावना त्यो नवाब कुटं हाय? महिनं झालं, त्याचा निरोप न्हाय. त्याच्यापाई जीव देता का?"

"पावना कुनाचा, ते पावन्याला काय ठावं?"

"आन् बैल न्हाईत. मोट कोन वडनार?"

"मोट कशाला? पायऱ्या हाईत. घागर हाय."

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, नवाबाचं मीठ खाल्लंय, ते जागतंय. अप्पांनी तिकडं मान वळवली. "मीठ न्हाय खाल्लं. म्या पाणी द्यायला लागलोय, त्ये थांबवता येईना, एवढंच," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. दिवसभर धावेवर चाललेल्या बैलाला असते तशी ती सगळी मरगळ होती.

नागव्वा रडली नाही. तिनं आपल्या शिदोरीतली ज्वारीची पिशवी गाडीतून खाली टाकली, अप्पांच्या पायाशी. "मासं कोन आननार त्याला?" ती म्हणाली.

"सटवा बी चालला. बगू. श्रावण येतोयच."

गाड्या निघाल्या. अप्पा बारवेकडं वळलेले मी पाहिले. सोलापूरच्या छावणीत चार महिने काढले. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. रांगा, चिखल, पोरांचे जुलाब. नागव्वा रोज सकाळी पाणी भरायला नळाला लागायची आणि घागर भरली की म्हणायची, "चालू हाय." आणखी काही म्हणायची नाही.

भाद्रपदात हिंदुस्थानचं लष्कर आलं आणि आठवड्याच्या आत निजामाचं राज्य संपलं. पितृपक्ष सरता सरता आम्ही परतलो. निम्मी घरं उघडी, दारं काढून नेलेली. बंगला लुटलेला होता. गज, बिजागऱ्या, कढया, जे जे लोखंड होतं ते सगळं गेलेलं. नागव्वा आपल्या घराच्या उंबऱ्यावरच बसली. "तू जा," मला म्हणाली. "बघ आन् सांग."

मी घागर घेऊन निघाले. घरात पाण्याचा थेंब नव्हता, पाणी तर आणायचंच होतं. गावातल्या दोन विहिरी वाटेवर पाहिल्या. चार महिन्यांत कुणी उपसा केलेला नव्हता, पावसाचं पाणी भरून वर हिरवी साय आलेली. बारवेजवळ आले तर पाटातून पाण्याची बारीक धार वाहत होती.

अप्पा पायऱ्यांवरून वर येत होते. खांद्यावर घागर. खांद्याचं कातडं सोललेलं, त्यावर चिंधी बांधलेली. अंगावर मांस असं उरलेलंच नव्हतं. मला बघून ते थांबले नाहीत. वर आले, घागर थारोळ्यात हळूहळू ओतली, "येप्पा" म्हणाले आणि मग माझ्याकडं वळले.

"पाणी चालू हाय," ते म्हणाले. "भरून घे. नागव्वा?"

"घरी आहे. बरी आहे. अप्पा, कुणी त्रास दिला का?"

"येऊन गेले. बंगल्यात ऱ्हायले, लोखंड नेलं. म्हातारा येडा हाय म्हनाले, सोडलं. जाळी बी नेली, म्हून लई पाणी सोडत न्हाय. हळू सोडतो."

मी पाटाकडं पाहिलं. खालच्या टोकाला जाळीच्या जागी नुसती भोकं होती. त्यापलीकडं ओढा पावसाच्या पाण्यानं भरून वाहत होता.

"अज्जा?"

"आत हाय."

"दिसला का?"

"श्रावण पाळतोय. या वर्सी लांबवला त्यानं. वढ्यातलं मासं धरून टाकलं, घेत न्हाय."

श्रावण संपून महिना होत आला होता. आणि भाद्रपद सरत आला तरी शिळेच्या तोंडाशी गाळ तसाच होता. त्यावर आंब्याची पानं कुजलेली, त्यात दोन-तीन मेलेले मासे, टाकले तिथंच. त्या दारातून कुणी काही बाहेर ढकललं नव्हतं.

मी गुडघ्यावर बसले आणि शिळेखाली हात घातला. पार आतपर्यंत, खांदा शिळेला लागेस्तोवर. थंड गाळ हाताला लागला. दुसरं काही नाही. ओढ्यानं गेला असेल. किंवा जाळी उचकटणाऱ्यांनीच काठी घातली असेल. ओढ्यानं गेला असला, तरी वैशाखात आमचा ओढा आटतो. मी हात बाहेर काढला, पदराला पुसला.

अप्पा माझ्या हाताकडं बघत होते. मला वाटतं त्यांना कळलेलं होतं, बऱ्याच दिवसांपासून. पण त्यांनी विचारलं, "हाय न्हवं?"

मी त्याला होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मला दोन्ही जमेना. "तुम्ही बसा अप्पा," मी म्हटलं आणि त्यांच्या हातातली घागर घेतली.

खाली उतरले. पाणी स्वच्छ होतं, तळाची पायरी दिसत होती. गावात उपसा चालू राहिलेलं तेवढं एकच पाणी. घागर भरली, खांद्यावर घेतली आणि चढू लागले. अर्ध्यात आल्यावर वर बघितलं. मी त्यांना बसा म्हटलं होतं, आणि ते बसले होते. शिळेच्या तोंडाशी, पाटात पाय सोडून. एक हात आत घालून ते गाळ आणि कुजलेली पानं बाहेर ओढत होते. मग तळहातानं खडे एकेक करून बाहेर ढकलत होते, सावकाश, तळ लागेपर्यंत. मेलेले मासे त्यांनी उचलून बाजूला ठेवले. लिंग छातीवर तसंच होतं, पाठीवर टाकलेलं नव्हतं.

मी वर आले आणि घागर थारोळ्यात ओतली. पाणी दगडांना धडकत वळणं घेत गेलं आणि झाडलेल्या शिळेखालून खाली उतरलं. अप्पांनी तळहाताची मागची बाजू त्यात धरली.

"गार हाय," ते म्हणाले.

मी दुसऱ्या खेपेला खाली उतरले.